पहिला घास

अक्का स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिली आणि मी पुडी फोडली.

"सगळी घाल," ती म्हणाली. "अर्धी अर्धी घालून काय हळदी-कुंकू करतीयास?"

"आठ दिवस अर्धीनंच होतंय की. रोज उलटी होतीय त्यांना."

"उलटी होतीय, पर सुटतीय का? आज दोन घाल. लग्नसराई तोंडावर आलीय."

पुडीवर काही लिहिलेलं नव्हतं. ज्या पाकिटातून त्या पुड्या पोस्टानं आल्या होत्या, त्याच्यावर मात्र लाल अक्षरांत होतं : न सांगता, न कळता, एकवीस दिवसांत दारू बंद. हीच जाहिरात आधी अक्कानं पेपरातून कापून महिनाभर चोळीत जपून ठेवली होती. अक्का म्हणजे माझी थोरली नणंद. नवरा गेल्यापासून आमच्याच गल्लीत राहायची आणि आमच्या घरचं सगळं तिच्या हुकमानं चालायचं. मी तिला कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशीही म्हटलं नाही. दोन पुड्या आमटीत पडल्या, डाव फिरवला, पांढरं विरघळून गेलं. बाहेरच्या खोलीत हे पाटावर येऊन बसले होते. मी ताट वाढलं.

यांना सगळे रेवण आचारी म्हणत. कवठेमहांकाळपासून जतपर्यंत कुठंही लिंगायताचं मोठं लग्न निघालं की पहिली चौकशी यांची व्हायची. पाचशे पानांची आमटी असो की बाराशे, हे कधी चाखून बघत नसत. कढईवर वाकायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "मीठ मूठभर घाल, गूळ पुरं." ते बरोबर निघायचं. यांच्या उस्तादांनी यांना आणखी एक रीत घालून दिली होती. पंगत बसायच्या आधी यजमानाला चुलवणापाशी बोलवायचं आणि त्याच्यासमोर आचाऱ्यानं प्रत्येक जिनसाचा पहिला घास आपण खायचा. चवीसाठी नव्हे. "लोकांच्या पोटात जायचं ते आदी आपल्या पोटात जायला पायजे," असं उस्ताद म्हणायचे. हे एकदाही ती रीत चुकले नाहीत. पिऊन उभे असायचे तेव्हासुद्धा नाही.

पिणं कसं सुरू झालं ते सांगण्यात काही अर्थ नाही, सगळ्यांचं होतं तसंच झालं. आधी काम उरकल्यावर अंगदुखीला म्हणून, मग काम सुरू करायच्या आधी हात थरथरू नये म्हणून, मग कामाऐवजी. त्या सात वर्षांत मी काय काय केलं ते आता आठवलं तरी पाय दुखतात. मठात नेऊन स्वामीजींसमोर भस्म हातात देऊन शपथ घ्यायला लावली, ती चाळीस दिवस टिकली. एका बाबाकडून अंगारा आणला. मग हायवेलगतच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये 'केंद्र' आहे असं कुणी सांगितलं म्हणून तिथं सोडून आले. तिथं ना डॉक्टर ना नर्स, चार दांडगी माणसं आणि एक मोठं कुलूप. आठव्या दिवशी भेटायला गेले तर यांच्या घोट्यावर साखळीचे वळ होते. हे नुसते माझ्याकडे बघत राहिले. मी त्याच पावली यांना घेऊन घरी आले. त्यानंतर 'केंद्र' हा शब्द घरात काढायचा नाही असं ठरलं. ठरवलं कुणी नाही, पण ठरलं.

म्हणून त्या पुड्या. कुठं न्यायला नको, कुणाला सांगायला नको, यांना विचारायलाही नको. माझ्यासारख्या दमलेल्या बाईला आणखी काय पाहिजे होतं?

तर त्या दिवशी हे जेवले. आमटीचा पहिला घास घेतला आणि जरा थांबले. माझ्याकडे बघितलं. मी पदराशी चाळा करत उभी. मग यांनी आमटी भाकरीनं पुसून खाल्ली, वाटी रिकामी केली, हात धुतला आणि चप्पल घालून बाहेर गेले. कुठं गेले ते विचारायची गरज नव्हती.

तासाभरात दोघांनी यांना उचलून दारात आणून टाकलं. तोंड लालभडक, छाती भात्यासारखी वरखाली होतेय, उलट्या थांबेनात. हात लावला तर घामानं गार. मी ओरडले. अक्का धावत आली, बघितलं आणि हुकूम सोडायचं विसरली. पहिल्यांदा.

वडापच्या जीपमध्ये मागच्या बाकावर आडवं घालून यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. डोळ्यांखाली काळं, केस विंचरलेले नाहीत, आमच्याइतकीच दमलेली. तिनं यांची नाडी बघितली, रक्तदाबाचा पट्टा बांधला, नर्सला दोन-तीन गोष्टी भराभर सांगितल्या आणि माझ्याकडे वळली.

"काय घेतलं यांनी?"

"दारू," अक्का म्हणाली.

"ते वासावरून कळलं. आणखी काय?"

"आणखी काय न्हाई. रोजचंच हाय त्येचं."

"रोजच्या दारूनं असं होत नाही. रक्तदाब एवढा खाली गेलाय. कुठलं औषध चालू आहे? कुणी काही दिलंय?"

अक्कानं माझ्या दंडाला चिमटा काढला. एवढा जोरात, की पुढं चार दिवस तिथं निळं होतं. मला तिचं म्हणणं न बोलता कळलं. पोलीस येतील. नवऱ्याला विष घातलं म्हणतील. आपल्या घराची अब्रू जाईल. मी खाली बघितलं.

डॉक्टरीण माझ्यासमोर वाकली. आवाज चढवला नाही. "बाई, मी अंधारात हात घालतेय. तुम्ही सांगितलं तर मला काय करायचं ते कळेल. नाही सांगितलं तरी मी करीनच, पण हा माणूस हातचा जाईल."

मी कनवटीला हात घातला. रिकाम्या पुड्यांचे कागद मी चुलीत टाकायचे म्हणून तिथंच खोचून ठेवले होते. ते दोन्ही तिच्या हातावर ठेवले. "आमटीतून," मी म्हणाले. "नऊ दिवस. दारू सुटावी म्हणून. त्यांना म्हाईत न्हाई."

"महानंदा!" अक्का किंचाळली.

डॉक्टरिणीनं कागद हुंगला, पुड्या कशातून आल्या ते विचारलं, कपाळाला हात लावला आणि परत यांच्याकडे गेली. त्यानंतर दोन तास ती आमच्याशी बोलली नाही. सलाईन, इंजेक्शन, नाकाला नळी. दिवस मावळायच्या सुमाराला ती बाहेर येऊन बाकावर माझ्याशेजारी टेकली.

"वाचले," ती म्हणाली. "असल्या पुड्यांत काय काय घालतात ते देवाला ठाऊक. एका औषधाची पूड असते कधी कधी, ते खरं औषध आहे, पण ते डॉक्टरनं तपासून, त्या माणसाला सांगून, त्याची कबुली घेऊन द्यायचं असतं. न सांगता दिलं आणि वरनं तो प्यायला, तर तो मरू शकतो. कळलं?"

मी मान हलवली. रडू येईल असं वाटलं होतं, पण नाही आलं. रडण्याएवढी ताकद उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी यांना कापरं भरलं. हात, जबडा, पाय, सगळं थडथडत होतं. भिंतीवर मुंग्या चालल्यात म्हणून हे हात झटकत होते. अक्का देवाचं नाव घेऊ लागली. डॉक्टरिणीनं समजावलं की शरीराला दारूची सवय लागलेली असते, ती एकदम तुटली की असं होतं, आणि म्हणूनच घरच्या घरी बंद करणं धोक्याचं. याला औषध आहे आणि ते ती देत होती. संध्याकाळपर्यंत कापरं निम्म्यावर आलं. मग तिनं एक चिठ्ठी लिहिली. सांगलीला मानसोपचार विभागात तांबोळी डॉक्टर बसतात, त्यांच्याकडे न्यायचं. तिथं दहा-बारा दिवस भरती, मग महिनाभर त्यांचं व्यसनमुक्ती केंद्र, मग दर पंधरवड्याला तपासणी.

"मानसोपचार?" अक्का उसळली. "माझा भाऊ येडा हाय व्हय?"

"वेडा कोण म्हणालं, मावशी? तुम्हाला साखरेचा आजार आहे, मघाशी गोळी मागत होतात ना? तुम्ही शपथ घेऊन साखर उतरवता का?"

अक्काला साखर होती. ती बाकावर टेकली. डॉक्टरीण मला तेव्हा पहिल्यांदा आवडली.

"पण एक आहे," डॉक्टरीण माझ्याकडे बघत म्हणाली. "यांनी स्वतः हो म्हणायला पाहिजे. बांधून नेलेला माणूस तिथं घेत नाहीत, घेतला तरी टिकत नाही. आणि त्याआधी पुड्यांचं तुम्ही त्यांना सांगायचं. तुम्हीच. मी नाही सांगणार."

"त्यांनी मला घराबाहेर काढलं तर?"

"काढतील कदाचित," ती म्हणाली. खोटं धीराचं बोलणं तिला येतच नव्हतं. "पण उद्या तेच औषध तुमच्या देखत यांना रोज घ्यायला लागू शकतं. तुमच्या हातावर भरवसाच नसेल तर कसं घेतील?"

ती रात्र मी वॉर्डाच्या व्हरांड्यात चटईवर काढली आणि काय बोलायचं ते पन्नास वेळा मनात जुळवलं. काही उपयोग झाला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी हे शुद्धीवर होते, स्वच्छ. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. घरचा डबा होता, भाकरी आणि मुगाची आमटी. मीच भल्या पहाटे घरी जाऊन ती करून आले होते. मी डबा उघडला. हे डब्याकडे बघत राहिले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"भूक न्हाई."

"कालपण न्हाई म्हणालात. दवाखान्यातली पेज तर पिलात की."

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला खोकला लागला होता. तो थांबेपर्यंत मी वाट बघितली, म्हणजे आणखी थोडा वेळ मिळाला असं मला वाटलं. मग संपला खोकला.

"अहो, मला एक सांगायचंय."

"सांग."

"तुमच्या आमटीत मी पुडी घालत होते. नऊ दिवस."

मला वाटलं होतं, हे उठून बसतील, शिवी देतील, ताट फेकतील. काहीच झालं नाही. हे छताकडे बघत म्हणाले, "म्हाईत हाय."

"अक्कानं सांगितलं?"

"अक्का कशाला सांगतीय. पयल्याच दिशी कळलं." यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "गंजक्या डब्यात शिजवल्यागत लागत होतं. तुझ्या हातची आमटी मी वीस वरसं खातूय, नंदा. मला कळणार न्हाई व्हय?"

खरं तर ही गोष्ट माझ्या डोक्यात यायला पाहिजे होती. जो माणूस बाराशे पानांच्या कढईतलं मीठ नाकानं ओळखतो, त्याच्या वाटीत मी नऊ दिवस परकी पूड घालत होते आणि मला वाटत होतं की त्याला कळत नाही. अक्काला वाटणं ठीक. मी तर यांच्या शेजारी चूल फुंकत आले होते.

"मग खाल्लंत कशाला?"

यांनी पांघरुणाची कड सारखी केली. मग अगदी साध्या आवाजात, उद्या बाजाराला जायचंय म्हणावं तशा आवाजात म्हणाले, "मला वाटलं, तू मला संपवतीयास."

"अहो!"

"रोज पोटात ढवळायचं. उलट्या व्हायच्या. म्हटलं, इख हाय. हळूहळू देतीया, कुणाला कळू नये म्हणून." हे माझ्याकडे बघत नव्हते. "मला राग आला न्हाई. खरंच न्हाई आला. म्हटलं, सात वरसं झाली. ही बाई तरी किती दिवस उपसणार. तिला मोकळं व्हायचंय तर हू दे. तुझ्या हातचंच हाय, म्हणून वाटी पुसून खाल्ली."

मला तेव्हा जे वाटलं ते मी आजही कुणाला नीट सांगू शकत नाही. नवऱ्यानं मला खुनी समजावं आणि तरीही रोज माझ्यासमोर मांडी घालून बसावं, याचा राग करावा की त्याच्या पायाशी बसून रडावं, हे मला कळेना. शेवटी मी दोन्ही केलं. आधी खाटेच्या कडेवर हात आपटला आणि मग रडले. तीन दिवसांचं, सात वर्षांचं, सगळं एकदम.

"मी मारत न्हवते तुम्हाला," मी म्हणाले. "जगावं म्हणून घालत होते. न्हाई कळलं मला, चुकलं माझं. अक्काची चूक न्हाई, माझीच. पर मी मारत न्हवते."

हे माझ्याकडे वळले. खूप दिवसांनी नीट बघितलं माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंद म्हणता येणार नाही. जड ओझं डोक्यावरून उतरवलं की मान जशी हलकी आणि अवघडलेली वाटते, तसं काही तरी होतं ते.

"खरं?"

"शप्पत."

"शपतेचं नाव काढू नगंस," हे म्हणाले, आणि तेवढ्यातही मला हसू आलं.

मी चिठ्ठी काढून दाखवली. सांगली, तांबोळी डॉक्टर, दहा-बारा दिवस, मग महिनाभर. 'केंद्र' हा शब्द मला टाळायचा होता, पण लपवाछपवी पुरे झाली होती, म्हणून तोही म्हणाले.

यांचा हात आपोआप घोट्याकडे गेला. "साखळी?"

"न्हाई. मी इचारलंय. तिथं डॉक्टर हायत, नर्स हायत. दार उघडं असतंय. तुम्हाला यायचं नसलं तर नेत पण न्हाईत."

"आन् तू?"

"रविवारी डबा घेऊन यीन."

हे पुन्हा डब्याकडे बघायला लागले. आमटी एव्हाना गार झाली होती. मला कळलं की अजून यांचा हात पुढं येणार नाही. मी खरं बोलले होते आणि यांना ते पटलंही होतं, पण पटणं डोक्यात असतं आणि घास घशातून जायचा असतो.

आमच्या घरी नवऱ्याच्या आधी बायकोनं जेवायची पद्धत नव्हती. माझ्या आईनं, सासूनं, अक्कानं, कुणीच तसं केलं नव्हतं. मी लग्न होऊन आल्यापासून यांचं ताट उचलल्याशिवाय माझं वाढून घेतलं नव्हतं. त्या दिवशी मी वॉर्डातल्या वीस माणसांसमोर भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. हे माझ्या गळ्याकडे बघत होते, घास उतरेपर्यंत.

"मीठ कमी हाय," हे म्हणाले.

"तुम्ही अजून खाल्लं कुठं?"

"वासानं कळतंय की." आणि यांनी हात पुढं केला.

दुपारच्या एस.टी.नं आम्ही सांगलीला निघालो. अक्का स्टँडवर आली होती. तिनं खिडकीतून भावाला केळी दिली.

एवढ्यावर गोष्ट संपली असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तशी ती संपत नाही. तांबोळी डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हा आजार उतरतो, मुळासकट उपटला जात नाही. यांनी त्याच औषधाची गोळी स्वतः मागून घेतली. रोज सकाळी हातावर ठेवून मला दाखवायचे, "ही बघ," म्हणायचे आणि गिळायचे. मी रोज दुपारी यांच्यासमोर पहिला घास खायचे. पाहुण्यारावळ्यांत बायका कुजबुजायच्या, रेवण आचाऱ्याची बायको नवऱ्याआधी तोंड घालते. हे म्हणायचे, "आमच्यात रीत हाय ती."

तिसऱ्या वर्षी यांनी गोळी सोडली आणि हे पुन्हा प्यायले. एकोणीस दिवस. एका मोठ्या लग्नात चुलवण सोडून निघून गेले होते. त्या एकोणीस दिवसांत मी यांना ओरडले नाही, कुठं नेलं नाही, शोधायला गेले नाही. माझ्यातलं काहीतरी पुरतं आटलं होतं. विसाव्या दिवशी हे आपले आपण सांगलीला गेले आणि बारा दिवसांनी परत आले.

मी ओट्यापाशी बसले होते. स्वयंपाक केलाच नव्हता. करावासा वाटत नव्हता. हे आत आले. हातपाय धुतले, चूल पेटवली, डाळ शिजत घातली, भाकरी थापली. मी तशीच बसून बघत होते. तासाभरात यांनी ताट वाढलं, एकच. माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतः माझ्यापुढं मांडी घालून बसले, यजमानापुढं आचारी बसतो तसे.

मी हात लावला नाही. हे कितीदा येतील, कितीदा जातील आणि मी कितीदा उठायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

यांनी माझ्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि माझ्याकडे बघत बघत खाल्ला. मग ताट माझ्याकडे सरकवलं आणि वाट बघत बसले.

आमटीवर पापुद्रा धरला. मग मी घास घेतला.

मीठ बरोबर होतं.